जांभईचा दोष कोणाचा?

जांभई आली की तोंडापुढे चुटकी वाजवायची, ही महाराष्ट्रातील घराघरांतली जुनी रीत. चुटकीबरोबर कोणी देवाचे नावही घेई. दक्षिण युरोपातील कॅथलिक घरांत अशा वेळी उघड्या तोंडावर अंगठ्याने क्रूसाची खूण करीत. या खुणेचे मूळ सांगताना याकोबुस दे व्होराजिने या तेराव्या शतकातील संतचरित्रकाराने रोममधील एका महामारीचा दाखला दिला आहे. इ. स. ५९० मध्ये रोम शहरात प्लेगची साथ पसरली होती; पोप दुसरे पेलाजिउस तिला बळी पडले आणि त्यांच्या जागी थोर ग्रेगरी यांची निवड झाली. त्या दिवसांत माणसे शिंकता शिंकता किंवा जांभई देता देता गतप्राण होत. म्हणून शिंकणाऱ्यासाठी देवाची करुणा भाकण्याची आणि जांभई देणाऱ्याने तोंडावर क्रूस काढण्याची चाल पडली, असे हा ग्रंथकार म्हणतो. कथा इतिहासाच्या कसोटीला पूर्णपणे उतरेलच असे नाही. परंतु चुटकी काय किंवा क्रूस काय, दोहोंच्या मागे एकच धास्ती दिसते : तोंडाचे दार आपल्या आज्ञेवाचून उघडले आहे, तेव्हा त्यातून नको ते आत शिरेल किंवा हवे ते बाहेर निघून जाईल.

आज ती धास्ती उरलेली नाही. लाज मात्र उरली आहे. वर्गात, सभेत, पाहुण्यांसमोर किंवा मिस्साच्या वेळी जांभई आली की माणूस ओशाळतो. ओठ घट्ट मिटून, नाकपुड्या फुगवून, डोळ्यांत पाणी आणून ती जांभई तो गिळू पाहतो. आणि पाहणारा? पाहणाऱ्याने तोवर निकाल देऊन टाकलेला असतो. ‘याला कंटाळा आला’, ‘ही आळशी आहे’, ‘या पोराला मोठ्यांची पर्वा नाही.’ कोणत्याही न्यायालयात एवढ्या अल्प पुराव्यावर शिक्षा होत नसेल. वेदीवरून लोकांचे चेहरे फार स्पष्ट दिसतात, लोकांना वाटते त्यापेक्षा पुष्कळच अधिक स्पष्ट दिसतात, हे मी तीस वर्षांच्या अनुभवाने सांगू शकतो. म्हणून हा प्रश्न मला केवळ शिष्टाचाराचा वाटत नाही. जी गोष्ट माणसाने केलेली नाही, त्याच्या बाबतीत नुसती घडलेली आहे, तिच्याबद्दल त्याने उत्तरदायी असावे काय? आणि तो नसेल, तर मग कोणी?

उत्तर शोधण्यापूर्वी जांभई म्हणजे काय ते पाहावयास हवे, कारण तिच्याविषयी आपल्या मनात बसलेले काही समज पार चुकीचे आहेत.

प्राचीन ग्रीक वैद्य हिप्पोक्रेटीस याच्या नावावर असलेल्या ग्रंथांत असे म्हटले आहे की, ताप भरण्यापूर्वी शरीरात साठलेली हवा जांभईवाटे वर निसटते, जशी उकळत्या हंड्यातून वाफ. आपल्या शाळांत मात्र नेमके उलटे शिकवले गेले : रक्तातील प्राणवायू कमी पडला, कर्बवायू वाढला, की तो भरून काढण्यासाठी जांभई येते. हे स्पष्टीकरण इतके सोपे आणि पटण्यासारखे आहे की ते तपासून पाहण्याची गरज पुष्कळ काळ कोणाला भासलीच नाही. अमेरिकेतील रॉबर्ट प्रोव्हाइन या मानसशास्त्रज्ञाने १९८७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत काही जणांना कर्बवायूचे प्रमाण वाढवलेली हवा दिली, तर काही वेळा निव्वळ प्राणवायू दिला. कर्बवायूने श्वासोच्छ्वास जलद झाला. जांभयांची संख्या मात्र वाढली नाही. प्राणवायू भरपूर मिळाला म्हणून ती कमीही झाली नाही. व्यायामाने श्वासाची गती दुप्पट झाली तरी जांभयांवर परिणाम दिसला नाही. तेव्हा दार बंद असलेल्या सभागृहात लोक जांभया देतात ते हवेच्या अभावी, असे म्हणून वक्त्यांना यापुढे सुटका करून घेता येणार नाही!

मग जांभईचा उपयोग तरी कोणता? सुमारे सहा सेकंदांच्या त्या क्रियेत जबडा पूर्ण ताणला जातो, खोल श्वास आत घेतला जातो, चेहऱ्याचे व मानेचे स्नायू आवळून सैल होतात आणि डोक्याकडील रक्तप्रवाहाला चालना मिळते. घसा आणि मध्यकर्ण यांना जोडणारी नळी उघडून कानाच्या पडद्याच्या दोन्ही बाजूंचा दाब सारखा होतो. घाट उतरताना किंवा विमान खाली येताना दडे बसलेले कान एका जांभईने मोकळे होतात, हा अनुभव पुष्कळांना असेल. अँड्र्यू गॅलप आणि गॉर्डन गॅलप या संशोधकांनी २००७ साली आणखी एक विचार मांडला : जांभई तापलेल्या मेंदूला थंडावा देते. त्यांच्या प्रयोगात ज्यांच्या कपाळावर थंड पिशवी ठेवली होती, त्यांना दुसऱ्यांच्या जांभया पाहूनही फारच कमी जांभया आल्या. पुढे अमेरिकेतील ॲरिझोना राज्यातल्या टूसॉन शहरी रस्त्याने जाणाऱ्या १६० जणांना जांभया देणाऱ्यांची चित्रे दाखवली गेली. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या या पाहणीत हिवाळ्यात ४५ टक्के लोकांना जांभई आली, तर बाहेरची हवा शरीराइतकीच तापलेली असताना, म्हणजे ऐन उन्हाळ्यात, २४ टक्क्यांना. बाहेरची हवाच गरम असेल तर ती आत घेऊन थंडावा कसा मिळणार, असा त्यामागचा तर्क. मे महिन्यात भात-कालवण जेवून उठलेल्या आपल्याकडील मंडळींना हा तर्क कितपत पटेल, याची मला शंका आहे. आणि शास्त्रज्ञांमध्येही या उपपत्तीविषयी अद्याप एकमत नाही. तरीही इतके निश्चित म्हणता येईल की, शरीर एका अवस्थेतून दुसऱ्या अवस्थेत जाताना, झोपेतून जागे होताना, जागेपणातून झोपेकडे झुकताना, स्वस्थतेतून सज्ज होताना, जांभई येते.

शेवटची गोष्ट विशेष महत्त्वाची आहे. विमानातून उडी टाकण्यापूर्वी छत्रीधारी सैनिक जांभया देतात, शर्यतीला उभे राहण्यापूर्वी खेळाडू जांभया देतात. मृत्यू किंवा पराभव पुढ्यात उभा असताना कोणाला कंटाळा आलेला असतो? याहूनही बोलका पुरावा मातेच्या उदरातला आहे. ध्वनिलहरींच्या साहाय्याने घेतलेल्या चित्रांत सुमारे अकरा-बारा आठवड्यांचा गर्भ जांभई देताना दिसतो. ज्याने अजून जग पाहिले नाही, एकही भाषण ऐकले नाही, त्या जिवाला कंटाळा तो कसला? जांभई कंटाळ्याच्या कितीतरी आधी माणसाच्या वाट्याला आलेली आहे. कंटाळा आल्यावर जांभई येते हे खरे. परंतु जांभई आली म्हणजे कंटाळाच आला, हे खरे नव्हे. तर्कशास्त्राच्या पहिल्या वर्गात शिकवला जाणारा हा दोष आपण रोज करतो.

जांभई संसर्गजन्य आहे, ही गोष्ट तर कोणी वेगळी सांगावयास नको. ती पाहून येते, ऐकून येते, तिच्याविषयी वाचूनही येते. (वाचकांपैकी कोणी एव्हाना तोंडावर हात नेला असेल, तर तो माझ्या लेखनाचा दोष की विषयाचा गुण, हे त्यांनीच ठरवावे.) मुलांना ही लागण साधारणतः चार-पाच वर्षांचे झाल्यावर होऊ लागते. २००८ साली लंडनमध्ये झालेल्या एका प्रयोगात २९ पैकी २१ कुत्र्यांनी माणसाची जांभई पाहून जांभई दिली. इटलीतील संशोधकांना २०११ साली असे आढळले की, परक्यापेक्षा ओळखीच्याची, आणि ओळखीच्यापेक्षा आप्ताची जांभई आपल्याला लवकर लागते. यावरून जांभई म्हणजे सहानुभूतीचे माप, असा निष्कर्ष काही जणांनी घाईने काढला. तो गोड आहे. प्रवचनात घालण्याजोगा तर आहेच आहे. परंतु २०१४ साली अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात ३२८ जणांवर झालेल्या अभ्यासात सहानुभूतीचा आणि जांभईच्या लागणीचा भक्कम संबंध आढळला नाही. वाढत्या वयाबरोबर लागण कमी होते, एवढेच काय ते दिसले. तेव्हा जांभईला दुर्गुण मानण्याची जशी घाई नको, तशी सद्गुण मानण्याचीही नको.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. आपल्याच भूमीत या प्रश्नाचा विचार फार पूर्वी झाला आहे आणि तो वैद्यकाच्या ग्रंथात झाला आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील सातव्या अध्यायात तेरा वेगांची गणना आहे. मलमूत्र, शिंक, ढेकर, भूक, तहान, अश्रू, निद्रा, श्रमाने लागलेली धाप इत्यादींच्या पंक्तीत तेथे ‘जृंभा’ म्हणजे जांभईही बसलेली आहे. हे वेग अडवून धरू नयेत, असे चरकाचे सांगणे. जांभई दाबल्यास शरीर वाकणे, आखडणे, बधिरता, कंप असे विकार जडतात, असेही तो सांगतो. आजचे वैद्यक या यादीला दुजोरा देत नाही आणि एखादी जांभई गिळल्याने कोणाचे काही बिघडत नाही. परंतु मला महत्त्वाचे वाटते ते याच अध्यायात पुढे येणारे विवेचन. न अडवण्याच्या वेगांनंतर चरक अडवण्याचे वेग सांगतो. मनाचे : लोभ, शोक, भय, क्रोध, अहंकार, निर्लज्जपणा, मत्सर. वाणीचे : कठोर बोलणे, चहाडी, असत्य, अवेळी बोलणे आणि अतिमात्र, म्हणजे प्रमाणाबाहेर, बोलणे. देहाचे : परपीडा, चोरी, हिंसा.

हे दोन गट एकाच अध्यायात शेजारी ठेवण्यात केवढा विवेक आहे! वेग दोन्हीकडे आहेत. परंतु पहिले देहाचे देणे आहेत, ते फेडावेच लागते. दुसऱ्यांना आवरण्याची शक्ती माणसाला दिलेली आहे. आणि आपला व्यवहार पाहावा तर अगदी उफराटा. आपण पहिल्यांना लाजतो आणि दुसऱ्यांना मोकाट सोडतो. घरी आलेल्या सासऱ्यांसमोर जांभई दाबणारा मनुष्य पाहुण्यांची पाठ वळताच बायकोवर डाफरतो. जांभई दाबल्याबद्दल तो स्वतःला सभ्य समजतो आणि डाफरण्याला स्वभाव म्हणतो. आणखी एक गोष्ट माझ्यासारख्याने विशेष ध्यानात घ्यावी अशी. या अध्यायाप्रमाणे ऐकणाऱ्याची जांभई अडवू नये अशा वेगांत मोडते. बोलणाऱ्याचे लांबलेले बोलणे अडवावे अशा वेगांत! सभेत दोघांची गाठ पडली, तर चरकाच्या मते संयम कोणी पाळावयास हवा, हे सांगण्याची गरज नाही.

तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी हाच भेद तत्त्वज्ञानाच्या भाषेत मांडला. सेमिनरीत नीतिशास्त्राचा पहिला धडा येथूनच सुरू होतो. माणसाकडून होणारी प्रत्येक क्रिया ही ‘मानवी कृती’ नव्हे. बुद्धीने जाणून आणि इच्छेने निवडून जे केले जाते, तेच खऱ्या अर्थाने मानवी कृत्य, त्याचेच पाप-पुण्य. लक्ष दुसरीकडे असताना मनुष्य हात-पाय हलवतो किंवा दाढी खाजवतो, ते केवळ त्याच्याकडून घडते. ही दाढीची उपमा थॉमस यांची स्वतःची आहे. जांभईसुद्धा त्याच रांगेत बसते. ती इच्छेपासून किती स्वतंत्र आहे, याचे एक विलक्षण उदाहरण वैद्यकात आहे. पक्षाघाताने लुळा पडलेला हात, जो रुग्णाने कितीही प्रयत्न केला तरी हलत नाही, तो काही रुग्णांमध्ये जांभई येताच आपोआप वर उचलला जातो आणि जांभई सरताच पुन्हा निर्जीव होऊन पडतो. खाटेशी बसलेल्या आप्तांना वाटावे, की मनात आणले तर यांना जमेल. तसे ते नसते. हात उचलला गेला. रुग्णाने उचलला नाही. मराठीतील कर्तरी आणि कर्मणी प्रयोगांचा फरक इतका स्पष्ट मी अन्यत्र पाहिलेला नाही.

एवढ्यावर प्रकरण मिटले असते, तर जांभई देणारा प्रत्येक जण निर्दोष सुटला असता. परंतु नीतिशास्त्रात आणखी एक कलम आहे. लॅटिनमध्ये त्याला ‘व्होलुंतारियुम इन काउझा’ म्हणतात : कृती इच्छेने झालेली नसली, तरी तिचे कारण इच्छेने निर्माण केलेले असू शकते. रात्री दोन वाजेपर्यंत मोबाइलवर एकामागून एक चित्रफिती पाहत पडलेला मनुष्य सकाळी कामावर जांभया देतो. त्या जांभया त्याने दिलेल्या नाहीत, पण त्या त्याने आदल्या रात्री पेरलेल्या आहेत. हळदीचा कार्यक्रम आटोपून पहाटे मोटार घेऊन निघालेल्या तरुणाची गोष्ट तर याहून गंभीर. ताशी ८० किलोमीटरच्या वेगाने गाडी सेकंदाला सुमारे २२ मीटर धावते. चार सेकंद डोळा लागला, तर जवळजवळ ९० मीटर अंतर कोणीही चालवत नसलेली गाडी कापते. तत्पूर्वी लागोपाठ आलेल्या जांभया ही शरीराने दिलेली सूचना असते. जांभई येणे हा त्याचा अपराध नाही. ती आल्यावर खिडकीची काच खाली करून, गाणे मोठ्याने लावून, पुढे दामटणे हा आहे. थोडा वेळ गाडी कडेला घेऊन झोपावे, यात लाज वाटण्यासारखे काय आहे?

परंतु कारण ज्याच्या इच्छेत असेल, दोष त्याचा, हे तत्त्व एकदा मान्य केले की ते तेथेच थांबवता येत नाही. ते पुढे चालत जाते आणि पुष्कळदा दुसऱ्याच दारात जाऊन उभे राहते. सोळा तासांची पाळी करून पुन्हा चाकावर बसलेल्या चालकाच्या जांभईचे कारण त्याच्या इच्छेत नाही. ते कामाचे वेळापत्रक आखणाऱ्याच्या टेबलावर आहे. शाळा, शाळेनंतर एक शिकवणी, तिच्यानंतर दुसरी, मग गृहपाठ आणि पहाटे साडेपाचला पुन्हा गजर, असा दिवस ज्या मुलाच्या वाट्याला आला, ते पहिल्या तासाला वर्गात जांभई देते आणि त्यालाच बाकावर उभे केले जाते. कोणाला उभे करावयास हवे होते? पालकांना? शिक्षकांना? की प्रवेशाच्या शर्यतीत सर्वांनाच पळावयास लावणाऱ्या व्यवस्थेला? विरारहून पहाटेची गाडी पकडून रात्री नऊला घरी परतणारी आणि मग ओट्यापाशी उभी राहणारी गृहिणी जपमाळेच्या तिसऱ्या रहस्याला पेंगते, तेव्हा तिचा नवरा, जो तोवर आरामखुर्चीत वर्तमानपत्र वाचून ताजातवाना झालेला असतो, तिला प्रार्थनेतील एकाग्रतेविषयी दोन शब्द सुनावतो. त्या जांभईत निम्मा वाटा कोणाचा, याचा हिशेब त्याने एकदा मांडून पाहावा. रात्रपाळी संपवून, गणवेश पिशवीत कोंबून, थेट रविवारच्या मिस्साला येणाऱ्या परिचारिका आपल्या धर्मग्रामांत कमी नाहीत. त्यांच्या जांभईमागे एखाद्या अनोळखी रुग्णाची शांत गेलेली रात्र असते.

काही जांभयांमागे आजार असतो, हेही येथे सांगितले पाहिजे. रात्री मोठ्याने घोरणे, झोपेत मध्येच श्वास अडकणे आणि मग दिवसभर जांभया व अनावर पेंग, अशी लक्षणे असलेल्या माणसाला घरचे लोक ‘झोपाळू’ म्हणून हसतात. वस्तुतः त्याची झोप पुरी झालेलीच नसते. त्याने डॉक्टरांना दाखवणे अगत्याचे आहे, कारण हा विकार हृदयाला व रक्तदाबाला अपाय करतो. औदासीन्यावर दिल्या जाणाऱ्या काही औषधांनीही जांभया वाढतात. आपले मन आजारी आहे हे ज्याने चारचौघांत सांगितलेले नाही, जो गोळी घेऊन, सारे बळ एकवटून ख्रिस्तमंदिरात येऊन बसला आहे, त्याची जांभई पाहून शेजारच्याने भुवई उंचावावी, यापरते क्रौर्य नकळत होणारे दुसरे नसेल.

मग प्रार्थनेतल्या कंटाळ्याची जांभई म्हणून काही असतच नाही काय? असते. तिचे सर्वांत मार्मिक वर्णन चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात राहिलेल्या इव्हाग्रियुस या तपस्व्याने केले आहे. त्याने मठवाश्यांना सतावणाऱ्या आठ विचारांचा अभ्यास केला. त्यांतील एकाला ग्रीकमध्ये ‘अकेदिया’ म्हणतात. शब्दाचा मूळ अर्थ आस्था नसणे. हा दुपारचा सैतान सकाळी दहाच्या सुमारास येतो आणि दोनपर्यंत ठाण मांडून बसतो. सूर्य जागचा हलत नाही, दिवस पन्नास तासांचा वाटू लागतो. वाचावयास बसलेला साधू जांभया देतो, डोळे चोळतो, हात ताणतो, पुस्तकावरून नजर काढून भिंतीकडे पाहतो, उरलेली पाने मोजतो, लेखनिकाच्या अक्षराला नावे ठेवतो आणि अखेर पुस्तक मिटून डोक्याखाली घेतो. सोळाशे वर्षांपूर्वीचे हे चित्र पाहून कोणत्याही परीक्षार्थ्याला आपली ओळख पटेल.

परंतु इव्हाग्रियुसने जांभईला पाप म्हटलेले नाही. किंबहुना त्याचे एक सूत्रच असे आहे की, असे विचार आपल्याला त्रास देतात की नाही हे आपल्या हाती नसते. ते आपल्यात रेंगाळतात की नाही, हे मात्र आपल्या हाती असते. त्या साधूची जांभई तर दुपारच्या उन्हाची, दिवसातून एकदाच मिळणाऱ्या जेवणाची आणि जागरणाची देखील असेल. लेखनिकाच्या अक्षराला नावे ठेवणे मात्र उन्हामुळे घडत नाही. तेथे इच्छा कामाला लागलेली असते. आपला कंटाळा दुसऱ्याच्या माथी मारण्याचे काम ती करीत असते. पुढील काळात अकेदियाची गणना सात घातक पापांमध्ये ‘आळस’ या नावाने होऊ लागली, आणि मला वाटते, घोटाळा तेथेच झाला. आत्म्याची अनास्था आणि देहाची शिणवट या दोन भिन्न गोष्टी एकाच शब्दाच्या पोतडीत पडल्या. तेव्हापासून श्रमलेल्या माणसाची जांभई पाहिली तरी आपल्याला आळसच आठवतो. खरा अनास्थेने ग्रासलेला मनुष्य कदाचित जांभई देणारही नाही. तो ताठ बसलेला असेल, डोळे सताड उघडे असतील आणि मनाने तो केव्हाच निघून गेलेला असेल.

पवित्र शास्त्रात जांभईचा उल्लेख शोधावयास गेलो, तर एक मौज हाती लागते. शुनेम गावच्या बाईचा मेलेला मुलगा अलीशा संदेष्ट्याच्या प्रार्थनेने जिवंत झाला, ही कथा राजांच्या दुसऱ्या पुस्तकात, चौथ्या अध्यायात येते. जीव परतताच मुलाला सात शिंका आल्या, असे आपल्या मराठी बायबलमध्ये आहे. मूळ हिब्रू शब्दाचा सामान्यतः हाच अर्थ घेतला जातो. परंतु इव्हाग्रियुसचे समकालीन असलेले संत जेरोम यांनी लॅटिन भाषांतर करताना तेथे जांभईचा शब्द योजला. त्यांचा मुलगा सात वेळा जांभई देतो आणि डोळे उघडतो. शतकानुशतके पाश्चात्त्य ख्रिस्तसभेने हाच पाठ वाचला. भाषांतर काटेकोर नसेल. पण एका मातेच्या दृष्टीने त्या सात जांभयांचे मोल काय असेल? रात्रभर तापाने फणफणलेल्या मुलाने पहाटे जांभई दिली आणि आईचा जीव भांड्यात पडला, असे ज्या घरात घडले आहे, त्या घराला जेरोम यांचा शब्द चुकीचा वाटणार नाही.

आणि पेंगणाऱ्यांकडे पाहावे कसे, हे मला संत लूक यांच्याकडून शिकण्यासारखे वाटते. पौलाच्या पत्रात त्यांना वैद्य म्हटले आहे, आणि त्यांची नजर वैद्याचीच आहे. ते आरोप करण्याआधी कारण नोंदवतात. गेथशेमाने बागेत शिष्य झोपी गेले, हे मत्तय आणि मार्क हेही सांगतात; डोळे जड झाले होते, असे ते म्हणतात. ते दुःखाने झोपी गेले होते, हे एकटे लूक सांगतात. दुःखाने झोप उडते, तसे दुःखाने माणूस गळून जाऊन झोपतोही, हे ज्याने मरणाचे घर जवळून पाहिले आहे तोच लिहू शकतो.

प्रेषितांच्या कृत्यांच्या विसाव्या अध्यायातही हेच आढळते. त्रोवस येथे आठवड्याच्या पहिल्या दिवशी लोक भाकर मोडण्यासाठी जमले होते. रविवार तेव्हा सुट्टीचा दिवस नव्हता. सम्राट कॉन्स्टंटाइनने तसा हुकूम काढला तो ३२१ साली. म्हणजे बहुतेक मंडळी दिवसभराचे काम उरकून आलेली असणार. पौलाला दुसऱ्या दिवशी निघावयाचे होते, म्हणून तो मध्यरात्रीपर्यंत बोलत राहिला. माडीवर पुष्कळ दिवे होते, असे लूक मुद्दाम सांगतात. तेलाच्या दिव्यांची ऊब आणि धूर ज्यांना ठाऊक आहे त्यांना त्या वाक्याचे प्रयोजन कळेल. युतुख नावाचा तरुण खिडकीत बसला होता. पौलाचे भाषण लांबले तसा तो गाढ झोपेच्या अधीन झाला आणि तिसऱ्या मजल्यावरून खाली पडला. त्याला उचलले तो मेलेला होता. पौल खाली उतरला, त्याच्यावर ओणवा झाला, त्याला कवटाळून म्हणाला की घाबरू नका, याच्यात प्राण आहे. त्या मुलाला कोणी बोल लावल्याचे लिहिलेले नाही, ना त्या वेळी, ना नंतर. पौल पुन्हा माडीवर गेला, त्याने भाकर मोडली, खाल्ली आणि उजाडेपर्यंत तो बोलत राहिला. उरलेल्या रात्री खिडकीत कोणी बसले का, याविषयी मात्र लूक यांनी काही नोंदवलेले नाही.